खिडक्यांच्या काचांचे पैसे

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफी असावी. शाळा चौथीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ कायमचं अर्धवट राहिलं. अक्षर तर आधीच कोंबडीच्या पायासारखं. तसं हे कोणाला वाचायला द्यायचं नाहीच. चार माणसांत बसलं की माझा घसा बंद होतो. नवऱ्याचे मित्र आले की मी चहाचा ट्रे पडद्याआडून पुढे करते आणि मागे होते. बोलता येत नाही तेवढं पोटात साचतं. ते कुठेतरी उतरवायला पाहिजे म्हणून लिहिते.

आम्ही सौदीत, जेद्दात, चार मजल्यांच्या एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात आहे. मी घरी जेवणाचे डबे करते, आमच्याच रत्नागिरीकडच्या, एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी. मासळीचं कालवण, तांदळाची भाकरी, शुक्रवारी बिर्याणी. त्यातून भिशी भरते. यंदा भिशी मला लागली होती आणि ती कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गावाला माझ्या अम्माला अर्धांगवायू झालाय. तिची वाचा गेली. भाऊ फोन तिच्या कानाशी धरतो, मी इकडून अम्मा अम्मा करते आणि तिकडून नुसता श्वास ऐकू येतो. फोनवर तिला भेटताच येत नाही. तिच्यापाशी बसायला जावं लागणार होतं. विमानाचं तिकीट, जाऊन परत यायच्या परवान्याचे पैसे आणि तिच्या औषधांना थोडे, एवढं त्या भिशीत बसत होतं.

तेवढ्यात मालकाच्या मुलाने सौरऊर्जेचं काढलं.

म्हातारा मालक बरा माणूस. रमजानमध्ये प्रत्येक दारात खजुराचा डबा ठेवून जायचा. पण त्याचे गुडघे गेले आणि कारभार मुलाकडे आला. मुलाने सगळ्या पुरुषांना खाली बोलावून सांगितलं, छतावर सौर पॅनल बसवायचे आहेत, त्याला सरकारी मदत मिळणार आहे. पण मदतीला अट आहे. आधी इमारतीने वीज कमी खाल्ली पाहिजे. छताला उष्णता अडवणारा थर, खिडक्यांना दुहेरी काच आणि कडेने रबर, दाराखालच्या फटी बंद, जुने खिडकीतले एसी काढून नवे कमी विजेचे. इंजिनिअर येऊन प्रत्येक घर तपासणार, इमारत पास झाली तरच मदत.

अट वाईट नाही, हे मी आजही म्हणते. फुटक्या मडक्यात पाणी भरून काय उपयोग? आमच्या खिडक्यांतून उन्हाळ्यात भट्टीसारखी झळ आत यायची आणि एसी दिवसभर कण्हत राहायचा. राग अटीचा नाही. छताचा थर मालकाचा, आणि काचा, रबर न् एसी भाडेकरूंनी करायचे, हे त्याने ठरवलं त्याचा आहे. म्हणाला, "मदत आली की तुमचे पैसे परत. एक रियाल ठेवणार नाही." आणि पॅनलची वीज कुठे जाणार? लिफ्टला, जिन्यातल्या दिव्यांना, पाण्याच्या पंपाला आणि खालच्या त्याच्या दोन दुकानांना. आमचे मीटर वेगळे, आमचं बिल आमचंच.

नवरा वर येऊन म्हणाला, "अगो, भिशीचे पैसे काढ. दोन महिन्यांत परत येतील."

"आणि अम्मा?"

"अम्मा कुठे पळून जाते?"

हे वाक्य मी त्याला कधी माफ करणार नाही. तसा तो वाईट नाही. पण त्या दिवशी त्याने ते म्हटलं आणि मी कपाट उघडून पैसे दिले. 

काचा बसल्या. स्वयंपाकघराची खिडकी आता जेमतेम वीतभर उघडायची. छताचं दार बंद झालं, कुलूप लागलं. तिथे मी मिरच्या वाळवायचे, कोळंबीचे सोडे वाळवायचे. त्याबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.

मग तपासणीचा दिवस आला आणि आम्ही आमच्या हाताने घोळ घातला. आठवलं की हसूही येतं आणि कपाळही बडवावंसं वाटतं. घरात पाहुणा येणार म्हटल्यावर आपली माणसं काय करतात? दार उघडं ठेवतात. सगळे दिवे लावतात. भर उन्हातून येणार, बिचाऱ्याला गार वाटू दे म्हणून नवऱ्याने सकाळपासून दोन्ही एसी सोळावर लावून ठेवले. वरच्या हैदराबादी बाईंनी तर लोबान जाळला आणि धूर जावा म्हणून खिडक्या सताड उघडल्या. मी इंजिनिअरसाठी कोळंबी तळली. तेलाचा धूर कोंडला म्हणून मीही खिडकी उघडली, आणि ती वीतभरच उघडते म्हणून बाहेरच्या खोलीतली काचही सरकवून ठेवली.

इंजिनिअर आला तो हातात कॅमेऱ्यासारखं यंत्र घेऊन. भिंतीवर धरलं की त्यात रंग दिसायचे, गार तिथे निळा, गरम तिथे लाल. मी पडद्याआडून पाहत होते. माझी खिडकी त्यात निखाऱ्यासारखी लाल दिसत होती. तो बिचारा सभ्य होता. त्याने नवऱ्याला विचारलं, एवढे एसी का चालू? दारं का उघडी? दिवसा दिवे कशाला?

नवरा छातीवर हात ठेवून हसत म्हणाला, "फॉर यू, सर. वेलकम."

कोळंबी कोणी खाल्ली नाही. इमारत नापास झाली.

मालकाचा मुलगा जिन्यात उभा राहून ओरडला. अरबी मला फारशी येत नाही, पण "हिंदी" आणि "मत्बख" एवढं कळलं. हिंदी म्हणजे आम्ही, मत्बख म्हणजे स्वयंपाकघर. सगळा दोष माझ्या खिडकीवर आला. वरच्या मजल्यावर लोबानाचा धूर होता, ते कोणाला दिसलं नाही. नवऱ्याने खाली जाऊन पैशांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मदत नाही तर पैसे नाहीत. तुम्हीच बुडवलंत. खलास." आणि त्याच महिन्यात छतावर काम चालूच! पुन्हा तपासणी मागितली आहे, हे आम्हाला चौकीदाराकडून कळलं. म्हणजे मदत येणार होती. आमच्यासाठी तेवढी खलास होती.

मी म्हटलं, "त्याला सांगा, पैसे द्या."

नवरा म्हणाला, "भाड्याचा करार त्याच्या हातात आहे. वाढवला नाही तर जाऊ कुठे? सोड आता."

सोड. या एका शब्दावर आमच्या बायकांचं आयुष्य जातं. भावाचा फोन आला, अम्मा आता डोळे उघडून छताकडे बघत राहते म्हणाला. मी त्याला म्हटलं, येते, येते. फोन ठेवला आणि भाकरीचं पीठ एवढं आपटलं की मुलगी खोलीतून बाहेर आली. "मम्मी, व्हॉट हॅपन्ड?" तिला म्हटलं, काही नाही, अभ्यास कर. पीठ मळता मळता मी मालकाच्या मुलाला, इंजिनिअरला, नवऱ्याला आणि स्वतःला अशा शिव्या दिल्या, ज्या मी गावच्या विहिरीवर ऐकल्या होत्या आणि कधी उच्चारल्या नव्हत्या. मनातल्या मनात दिल्या. बाहेर नुसतं पीठ वाजत होतं.

दुसऱ्या तपासणीचा दिवस आला तेव्हा नवरा दुकानात होता. सुट्टी मिळाली नव्हती. दारावर टकटक झाली. बाहेर चौकीदार. म्हातारा बंगाली माणूस, सगळ्या इमारतीशी हिंदीत बोलतो. "भाभी, दरवाजा खोलो, इंजिनिअर साहब आए हैं."

मी खरोखर घाबरले होते. घरात मी एकटी, मुलगी शाळेत. मी साखळी न काढता म्हटलं, "घर में मर्द नहीं है."

 मग चौकीदाराने ते अरबीत सांगितलं. इंजिनिअरचे बूट लगेच दोन पावलं मागे गेल्याचं मी साखळीएवढ्या उघड्या दारातून पाहिलं. तो अरबीत काहीतरी बोलला आणि चौकीदाराने मला सांगितलं, मग साहेब आत येऊ शकत नाहीत. चौकीदार पुढच्या दाराशी गेला.

मी दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. आणि तिथे मला कळलं. एवढी वर्षं हेच वाक्य मला आत ठेवत होतं. पुरुष नाही, दार उघडू नको. पुरुष नाही, जाऊ नको. आज तेच वाक्य त्यांना बाहेर ठेवत होतं. आणि इंजिनिअरला प्रत्येक घर पाहायलाच लागतं, एक जरी राहिलं तरी इमारत पास होत नाही, हे मालकाच्या मुलाने स्वतःच पहिल्या दिवशी पुरुषांना खाली सांगितलं होतं.

समोरच्या घरात साताऱ्याकडची सिस्टर राहते. रात्रपाळी करून दिवसा झोपते, तिचा नवरा कामावर. मी तिला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी घरच्यांखेरीज स्वतःहून कोणाला फोन केला होता.

"सिस्टर, दार उघडू नका. म्हणा, घरात पुरुष नाही."

"पण वहिनी, माझ्या घरात पुरुष कधीच नसतो हो!"

"मग खरंच सांगायचंय."

ती एवढ्या जोरात हसली की तिचं हसू भिंतीतूनही ऐकू आलं. "वहिनी, तुमच्या तोंडून एवढं वाक्य? थांबा, हैदराबादी आपांना मी सांगते. त्यांना सांगायचं म्हणजे पूर्ण जेद्दाला सांगितल्यासारखं आहे."

त्या दिवशी इंजिनिअर जिना चढला आणि उतरला. प्रत्येक दाराआडून एकच उत्तर. मालकाचा मुलगा वर आला, माझ्या दारापाशी थांबला. हिंदी येते त्याला, मोडकी. "मॅडम, पाच मिनट. ओन्ली विंडो."

 मी दाराआडूनच म्हटलं, "रज्जाल माफी." घरात पुरुष नाही. मग पुढचं मला अरबीत येईना, हिंदीतच बोलले. "मेरे पैसे लाओ. फिर मर्द घर में रहेगा."

"बुकरा, बुकरा," तो म्हणाला. उद्या.

"तो दरवाजा भी बुकरा."

संध्याकाळी नवरा तापला. "तुला काही कळतं का? घर जाईल! तू कोण बोलणारी?"

"मी काही बोलले नाही," मी म्हटलं. "मी दार उघडलं नाही. तुम्हीच शिकवलंय."

तो जेवला. मग हळूच म्हणाला, "सिस्टरच्या नवऱ्यानेही मागितलेत पैसे आज." आणि ताटातलं मीठ बोटाने गोळा करत बसला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. येईल कधीतरी.

दुसऱ्या दिवशी चौकीदार पाकीट घेऊन आला. दाराच्या रबरी पट्टीखालून आत सरकवलं. मी उघडलं. निम्मेच होते. "बाकी मदत आने के बाद, साहब ने बोला."

मी पाकीट तसंच परत ढकललं. त्याच पट्टीखालून, जी मी माझ्या पैशाने लावली होती.

"भाभी, ले लो ना," चौकीदार बाहेरून म्हणाला, "मेरे घुटने में दर्द है, कितनी बार चढ़ूँ?"

"लिफ्ट से आओ."

"लिफ्ट की बिजली साहब बचा रहा है, भाभी," तो म्हणाला आणि स्वतःच खोकत हसला.

त्याच दुपारी म्हातारा मालक आला. कधी नाही तो काठी टेकत, मुलाला मागे उभं करून. त्याने दार वाजवलं नाही. जिन्यात प्लास्टिकची खुर्ची मागवून बसला आणि चौकीदाराकडून निरोप दिला, बाई, मला हे माहीत नव्हतं. मुलगा काहीतरी सांगायला गेला तर म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. मी त्याचं ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं, म्हणून मी स्वतःवर आणखी चिडले. माहीत नव्हतं? इमारत कोणाची? छत कोणाचं? मला माहीत असायला हवं आणि मालकाला नको?

सिस्टरचं दार वाजलं, मग वरच्या आपांचं. मग माझं. पाकीट जाड होतं. चौकीदाराने ते साखळीच्या फटीतून दिलं आणि म्हणाला, "गिन लो, भाभी. साहब खड़ा है."

मालकाचा मुलगा खरंच बाहेर उभा होता. त्याला बहुतेक आभाराचं शुक्रन ऐकायचं होतं. मी म्हटलं नाही. माझेच पैसे होते. मी दाराला टेकून खाली जमिनीवर बसले, पदरात नोटा घेतल्या आणि एकेक सावकाश, मोठ्याने मोजू लागले, मराठीत, म्हणजे त्याला जिन्यात प्रत्येक आकडा ऐकू यावा. मध्ये एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तो उभाच होता. शेवटची नोट ठेवली. काचेचे, रबराचे, एसीचे, बसवणाऱ्याच्या मजुरीचे, सगळे पूर्ण होते.