सोळा तासांचा कागद

शेजारच्या मालतीताईंच्या फ्रीजवर एक कागद चिकटवलेला आहे. सहा वर्षांपूर्वी जाताना मुलाने छापून दिलेला: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. खाली त्याच्या अक्षरात, 'हाक मार, आलोच.'

आकडे मी पडताळले, बरोबर आहेत. विमानाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. रोज एक जरी धरले, तरी ते दोन हजारांवर वेळा त्याच्याशिवाय येऊन गेले. विमानतळांमधले अंतर तोंडपाठ असणाऱ्यांना घरांमधले कधीच सांगायचे नसते. अशी माणसे मला क्षुद्र वाटतात.

काल ताईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दवाखान्यातल्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'शेजारी' लिहिले आणि सही केली.

परतताना रिक्षात ताई म्हणाल्या, "त्याला सुट्टी नव्हती हो, भाऊजी. दुसऱ्या डोळ्याला येतोय. सोळाच तर तास."

"येऊ दे की," मी म्हणालो.

दुसऱ्या डोळ्याचा फॉर्म मी निघतानाच मागून घेतला होता. घरी आल्यावर तोही भरून ठेवला. नाते: शेजारी.