व्हरांड्यातल्या चपला

कुणी माझ्या लेकीचं कौतुक केलं की मला आधी शंका येते. नवरा म्हणतो, "तू पोलिसात जाले पायजे होतं." म्हणूनच तिच्या वर्गाच्या मॅडमचा निरोप आला, "तुमची पोरगी लय कामाची हाय," तेव्हा मी हरखले नाही, दप्तर उपसलं.

लेक तिसरीत आहे, स्वमग्न आहे. बोलते मोजकंच, पण वस्तू रांगेत नसल्या की तिचा जीव कासावीस होतो. महिनाभर डबा अर्धा परत येत होता, नखांत माती असायची, वहीतली पानंच्या पानं कोरी. कोण त्रास देतं विचारलं तर गप्प. मग मी गल्लीतल्या प्रत्येक पोराकडे चोर समजून बघायला लागले. हसून "काकू" म्हणणाऱ्यांवर तर माझी नजर जास्तच.

एका सकाळी न सांगताच शाळेत गेले. इथे पोरं चपला वर्गाबाहेर काढतात. आत शिकवणं चालू होतं आणि माझी लेक व्हरांड्यात उकिडवी बसून सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत होती. रांग होत आली की एक पोरगा बाहेर येऊन लाथेनं विस्कटायचा, आत हशा व्हायचा. ही पुन्हा पहिल्यापासून सुरू. रडत नव्हती. माझं डोकं सणकलं. मी त्याचं मनगट धरलं.

"काऊन बे?"

तो पार घाबरला. "मॅडमनंच सांगतलं न काकू. थे आत याले लागली का चपला इस्कटजो म्हने."

महिनाभर मी लेकरांवर संशय घेत होते, मला माझीच लाज वाटली. मॅडम दारात आल्या. "तिले आवडते न ताई थे काम. आत बसली का कानावर हात ठेवून ओरडते. बाकीच्या पोरायले शिकवावं कसं?"

मला खूप बोलायचं होतं. पण लेक अर्धवट रांग सोडून उठणार नव्हती. मी तिच्याशेजारी बसले, उरलेले जोड तिच्या हाती देत गेले. "झालं," ती म्हणाली आणि आपणहून वर्गात शिरली.

शिरली आणि भिंतीपाशी उभी राहिली. बाकं सगळी भरलेली होती. तिची जागा कुठली, विचारल्यावर कुणालाच सांगता येईना.

"पोरीहो, सरका जराशा," मी पहिल्या बाकावरच्या दोघींना म्हटलं.

त्या मॅडमकडे बघत राहिल्या.