आईला सांगितलेलं आडनाव

मी माझ्या मित्राचं आडनाव माझ्या आईला खोटं सांगितलं. चूक माझीच, आणि ती कबूल करायला मला वीस वर्षं लागली.

तेव्हा आम्ही सिडनीत शिकत होतो. भारतातून विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. हॅरिस पार्कमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहायचो. तो नागपूरचा, बौद्ध. मी पुण्याचा, ब्राह्मण. युनिव्हर्सिटीला जाताना, सुपरमार्केटच्या शिफ्टला, कायम बरोबर. माझ्या पदवीदानाला आई आली तेव्हा त्याने तिला आपला पलंग दिला आणि तीन आठवडे स्वतः हॉलमध्ये गालिच्यावर झोपला.

ती आली त्या दिवशी तो दारात तिची बॅग उचलत होता. तिने नाव विचारलं. त्याने तोंड उघडायच्या आत मी त्याच्या नावापुढे आमच्यातलं एक आडनाव लावून मोकळा झालो. इतकं सहज आलं ते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बॅग आत नेली.

मग रोज सकाळी त्याच्या हातचा चहा पिताना आई त्याला काहीबाही विचारायची. एकदा म्हणाली, "कुलदैवत कोणतं रे तुमचं?"

मीच म्हणालो, "अगं, आपलंच. तुळजापूर." आई खूश.

ती परत गेल्यावर महिन्याभरात तो सिडनीतच, ब्लॅकटाउनला राहायला गेला. "कामाला जवळ पडतं," म्हणाला. मी ते खरं मानलं, कारण ते मला सोयीचं होतं.

गेल्या जूनमध्ये ऑफिसच्या कामाने बर्लिनला गेलो. तो बरीच वर्षं तिथेच असतो. शनिवारी सकाळी त्याने मला उंटर डेन लिंडनवर फिरायला बोलावलं. राजांच्या काळातला तो रुंद रस्ता, मधोमध लिंडनच्या झाडांच्या रांगा, फुलांचा मधासारखा वास. तो हात मागे बांधून रमतगमत चालत होता आणि मी सारखा पुढे जात होतो.

"हळू चाल की लेका. हॅरिस पार्कची ट्रेन सुटतेय का तुझी?"

मी हसलो. रस्त्याच्या टोकाला मोठी कमान आहे. तिथे पोचायच्या आत सांगायचं असं ठरवून आलो होतो. विद्यापीठ मागे पडलं, ग्रंथालय मागे पडलं. मी मुलांच्या शाळा आणि सिडनीचा उन्हाळा यांवरच बोलत राहिलो.

"काकू कशा आहेत?" शेवटी त्यानेच विचारलं.

"बरी आहे. अजून तुझी आठवण काढते."

"कुठल्या आडनावाने?"

तो हसत होता. माझे पाय थांबले.

"अरे, ती जुन्या वळणाची. तिला उगाच..."

"काकूंना मध्ये आणू नकोस." आता तो हसत नव्हता. "खरं कळल्यावर त्यांनी काय केलं असतं, ते तुला माहीत नाही, मलाही नाही. तू त्यांना संधीच दिली नाहीस."

आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. कमान समोरच दिसत होती. मला मदत करायची त्याची तयारी दिसत नव्हती.

"आईचा प्रश्नच नव्हता," मी म्हणालो. "तू बौद्ध आहेस आणि माझा मित्र आहेस, याची मला तिच्यासमोर लाज वाटली. तुझं नाव मी पुसलं. माझं चुकलं. मला माफ कर."