जागा विचारून बसणारी आत्या

आमची आत्या कुठेही बसण्याआधी तिथे तळहात ठेवायची. शेताचा बांध असो, लग्नाच्या मांडवातली सतरंजी असो की एसटीचं बाकडं, आधी हात टेकायचा, क्षणभर थांबायचं आणि मग बसायचं. तिच्या मुलाने, दत्तूने, हप्त्यावर सोफा आणला, तेव्हा त्यालाही तिने असंच विचारून घेतलं. आम्ही पोरं तिची हुबेहूब नक्कल करायचो. कारण विचारलं तर म्हणायची, "जागा इचारून बसावं. खाली कोन आसंल, काय सांगावं." विंचूकाट्याची भीती असेल, असं आम्ही समजून घेतलं होतं.

मी पाहिली तेव्हा ती कासुर्डीत स्थिरावलेली होती. कालव्याचं पाणी, थोडा ऊस, दारात दोन शेळ्या. पण लग्नानंतरची बरीच वर्षं तिने मेंढरांमागे काढली होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून त्यांचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तांडा, घाट उतरायचा. कोकणातले शेतकरी कापणी झालेल्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्याबदली धान्य द्यायचे. मेंढरं विकली, घोडी गेली, पण आत्याच्या डोक्यातली वाट गेली नाही. कुठलंही अंतर ती मुक्कामांत सांगायची. पुणं तिच्या लेखी तीन मुक्कामांवर होतं. मोटारसायकलवाल्या दत्तूला याची भारी लाज वाटायची.

दत्तू आणि मी रांजणगावच्या एकाच कारखान्यात होतो आणि कारेगावात शेजारी-शेजारी खोल्या घेऊन राहत होतो. दोन हजार सालच्या पुढेमागे कंपनीने कामगारांची सहकुटुंब सहल काढली, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर. आई-वडिलांनाही परवानगी होती. दत्तूने घरी सहज गावाचं नाव सांगितलं आणि जन्मात कधी काही न मागितलेली आत्या म्हणाली, मी येणार. तू तिथे काय करणार, असं त्याने परोपरीने विचारून पाहिलं. ती लुगडं बोचक्यात बांधून मोकळी झाली.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, अर्थातच सीटवर हात टेकून. घाट लागला तशी बोलू लागली. "त्या गावात माझी पोर हाय," ती म्हणाली. मला वाटलं, आत्याचा काहीतरी घोटाळा होतोय. तिला तर दत्तू एकटाच. मग तिने सांगितलं. दत्तूच्या आधी एक मुलगी झाली होती. बारसंही झालं नव्हतं. त्या गावच्या खाचरात मुक्काम असताना तापाने गेली. विहीर आणि बांध यांच्या मधल्या जागेत तिला ठेवलं. पुढच्या वर्षी चाऱ्याची वाट बदलली, मग मेंढरंच गेली, आणि पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. तिला फक्त थोडा वेळ त्या जागेवर बसायचं होतं. सबंध सहलीत तिला दुसरं काही नको होतं.

रिसॉर्टवर उतरल्या उतरल्या आमच्या मनगटांवर रंगीत पट्टे बांधले गेले आणि हातात सरबत आलं. कंपनीचा एक साहेब गळ्यात शिट्टी आणि हातात माइक घेऊन आमच्या आनंदाची व्यवस्था बघत होता. रस्सीखेच, संगीत खुर्ची, फुगे फोडणे, वाळूत घोडागाडी. जरा कुणी सावलीला टेकलं की शिट्टी वाजायची, "चला, एन्जॉय करा." वर्षभर मशीनपुढे उभं राहणारी माणसं तिथेही हुकमानेच हसत होती. मी स्वतः लिंबू ठेवलेला चमचा तोंडात धरून धावलो.

आत्या मात्र विहीर शोधत हिंडत होती, आणि ती तिला सापडली. जुनी, दगडी. तिच्यावर जाळी ठोकून, रहाटाला निळा रंग देऊन लोकांनी फोटो काढावेत म्हणून सजवली होती. बांध कुठेच नव्हता. विहिरीच्या पलीकडे गुळगुळीत फरशीचा मोठा चौक होता आणि वर पाण्याचे फवारे टांगलेले. रेन डान्सची जागा. आत्याने फरशीवर इथे तिथे हात टेकत नेमकी एक जागा धरली आणि तिथेच बसली. तळहात उचलला नाही.

जेवणं झाल्यावर गाणी लागली आणि माणसं चौकात शिरू लागली. दत्तू धावत आला. ती त्याला म्हणाली, "तुझी भन हाय हितं. जरा नाचू नका म्हनावं. थोडा येळ." दत्तू इकडे तिकडे बघत म्हणाला, "आये, ऊठ, लोकं बघत्यात." मी साहेबाला गाठलं, सगळं सांगितलं. गाण्याच्या दणक्यात त्याने ऐकल्यासारखं केलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, चार वाजता दुसऱ्या कंपनीची वेळ आहे. फवारे सुरू झाले. आत्या हलली नाही. तिच्याभोवती आमचा अख्खा विभाग नाचत होता, ओल्या पायांनी, तिला लाता लागतील इतक्या जवळून. साहेबाने माइकवरून ओरडून सांगितलं, बघा आजींचा उत्साह. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला.

संध्याकाळी बक्षिसं वाटली. सर्वांत उत्साही ज्येष्ठ नागरिक म्हणून आत्याला भाजी गरम ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा मिळाला. अंगावर ओलं लुगडं, हातात डबा, अशी ती उभी होती आणि दत्तू पहिल्यांदाच छाती काढून टाळ्या वाजवत होता. मला त्या क्षणी त्या साहेबाचा, दत्तूचा आणि आम्हा सगळ्यांचाच इतका संताप आला की आज लिहितानाही तो उतरत नाही.

परतीला बस सुटायची घाई झाली. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, साहेब शिट्टी. आत्या खिडकीतून विहिरीकडे बघत होती. गेट मागे पडलं तसं ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवाबी आसंच झालं. ती गेली आन् सकाळच्याला वाडा हालला. मेंढरं कुनासाठी थांबत्यात व्हय."

पुढच्या दोन-तीन वर्षांत ती गेली. भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो नव्हता, फक्त रेन डान्समधला होता. जवळच्या यवतमधल्या फोटोवाल्याने भोवतालची नाचणारी माणसं पुसली, मागे निळं आभाळ भरलं आणि तिला खांद्यापासून वर ठेवलं. आता हार घातलेल्या त्या चौकटीत आत्याचा चेहरा ओला आहे, मान किंचित खाली आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दत्तू सांगतो, आयनं तिथं लय एन्जॉय केलं. मी तिथे जातो तेव्हा सोफ्यावर आधी तळहात टेकतो आणि मग बसतो. वर बघायचं टाळतो. फरशीवर टेकलेला तिचा हात फोटोवाल्याने कापून टाकला आहे.