मांजरीचं पाणी

आमच्या घरातली मांजर भांड्यातलं पाणी कधी पीत नसे. वाटी ठेवा, परळ ठेवा, हुंगायची आणि निघून जायची. तिला वाहतं पाणी लागायचं. आई मोरीपाशी पाट टाकून बसायची, तांब्या तिरका धरून बारीक धार सोडायची आणि मांजर मान वाकडी करून ती धार चाटायची. आईनं तिला नाव असं ठेवलंच नाही. ‘बाई’ म्हणायची. “ये बाई, पी.”

मग आईच्या किडन्या गेल्या. मी तेव्हा लोहाऱ्याला शाळेवर होते. विनंती अर्ज करून कळंबला घराजवळ बदली घेतली. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला धाराशिवला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. दिवसभरात अर्धा लिटरच पाणी द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चहा आणि गोळ्यांबरोबरचं पाणी त्यातच धरायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा. मी एका बाटलीवर पेनानं खुणा करून दिल्या आणि अण्णांनी ती बाटली आपल्या ताब्यात घेतली.

त्यात उन्हाळा. पत्र्याच्या घरात दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसे. आई ओलं फडकं ओठांवर धरून पडायची. “अहो, एक घोट द्या की,” म्हणायची. अण्णा बाटली बघायचे आणि म्हणायचे, “पाचला. पाच वाजू दे.”

एका दुपारी ती उठून मोरीपाशी गेली. मांजर आधीच तिथं जाऊन बसली होती. आईनं धार धरली. अण्णा मागून आले आणि त्यांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“मांजरीच्या नावाखाली तूच पितीस.”

“ओठ ओले केले हो. गिळलं न्हाय.”

“मला शिकवू नको.”

त्यांनी तांब्या वरच्या फळीवर ठेवला. तिचा हात तिथवर पोचत नव्हता. मी दारातच उभी होते, आणि मला अण्णांचंच बरोबर वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं कित्येक महिने तो सगळा दोष मी मनातल्या मनात त्यांच्या एकट्यावर टाकत राहिले.

पंधरा दिवसांनी आई गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. इतकं मोजून मापून देऊनही शेवटी पाणीच झालं.

लोक येऊन गेले. घर रिकामं झालं. मांजर मोरीपाशी बसून राहायची. येता जाता कुणी नळ सोडला तर चार थेंब चाटायची, पण आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, बाकी सगळं टाकीतून बादलीनं काढायचं. आम्ही वाटी ठेवत होतो. तिला काय पाहिजे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी तांब्या हातात घेऊन तिथं बसायची आमची हिंमत होत नव्हती.

श्रावणात तिनं खाणं सोडलं. पाठीची हाडं वर आली. मी तिला भाजीच्या पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. अण्णा मागं गाडीवर बसले. डॉक्टरांनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, कातडी खाली न बसता तशीच उभी राहिली, इतकं अंगातलं पाणी आटलं होतं. रक्त तपासायला लातूरला पाठवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “हिच्या किडन्या गेल्यात. वय झालंय. बरी होणार नाही, पण पाणी भरपूर जाऊ द्या. मग काही महिने काढेल.”

अण्णांनी विचारलं, “दिवसाला किती द्यायचं?”

“त्याला माप नाही. पिईल तितकं द्या.”

परत येताना अर्ध्या वाटेत त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पाठ माझ्याकडं.

“दुखणं एकच,” ते म्हणाले. “हिला पी म्हणायचं, अन् तिला नको म्हणत होतो.”

“अण्णा, माणसाचं वेगळं असतं. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत हाय. म्हणून तर केलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुन्या कूलरची मोटर काढली. घमेल्यात पाणी भरलं, मोटर बुडवली, नळी वर धरली आणि बटण दाबलं. पाणी थेट भिंतीवर उडालं. मांजर दिवाणाखाली पळाली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. मग मी मोबाईलच्या चार्जरवर चालणारी छोटी मोटर मागवली. ती काड्यापेटीहून थोडी मोठी होती. अण्णांनी फुटक्या माठाचा खालचा भाग घासून कडा गुळगुळीत केल्या, मधे मोटरवर चहाचं एक मातीचं कुल्हड उपडं ठेवलं, त्याच्या बुडाला खिळ्यानं हळूहळू भोक पाडलं. दोन कुल्हडं फुटली. तिसऱ्यातून नळी वर आली आणि पाणी कुल्हडाच्या अंगावरून पातळ पसरत खाली उतरायला लागलं. कारंजं म्हणावं असं काही नव्हतं. बोटभर वर यायचं.

मांजर लांबून बघत राहिली. अण्णा गुडघ्यावर बसले होते. “ये,” म्हणाले. नुसतंच. आई म्हणायची तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. बऱ्याच वेळानं ती आली, पंजा बुडवून झटकला आणि मान वाकडी करून पिऊ लागली. कितीतरी वेळ पीत होती. अण्णा उठून मागच्या अंगणात गेले. मी गेले नाही त्यांच्यामागं. जायला हवं होतं.

त्यानंतर कारंज्याचं सगळं तेच बघायचे. रोज पाणी बदलायचे, मोटरमधले केस चिमट्यानं काढायचे. एकदा भर दुपारी लाईट गेली होती. मी शाळेतून आले तर अण्णा मोरीपाशी पाटावर बसलेले, हातात तांब्या, आणि मांजर धार चाटतेय. माझ्याकडं न बघता म्हणाले, “गिळलं नसंल तिनं. खरंच ओठच ओले केले असतील. लई वर्षं होती माझ्याबरोबर, खोटं कधी बोलली न्हाय.”

“बाटलीवर खुणा मी केल्या होत्या,” मी म्हणाले.

“व्हय,” अण्णा म्हणाले. एवढंच. पण त्या दिवसापासून मला त्यांच्यासमोर बसून जेवता येऊ लागलं.

मांजर पौषापर्यंत जगली. शेवटचे दोन दिवस ती कारंज्यापर्यंतही गेली नाही. एका सकाळी गोधडीवरच गेली. अण्णांनी तिला धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं. गावाबाहेर ओळखीच्या एकाचं शेत आहे, तिथं बांधावर त्यांनी स्वतः खड्डा खणला. मला कुदळ दिली नाही. दम लागला की थांबायचे, पुन्हा खणायचे.

माती लोटून झाल्यावर शेतमालकानं पलीकडून हाक मारली. आम्ही कशासाठी आलो होतो ते त्याला माहीत नव्हतं. आगटी पेटलेली होती, ज्वारीची कणसं भाजत होती. “या की, हुरडा खाऊन जावा.”

अण्णांनी हात वर करून नको म्हटलं. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडं वळून म्हणाले, “तू खाल्लं नाहीस सकाळपासून. चल.”

आम्ही आगटीजवळ बसलो. गरम दाणे ओंजळीत घेऊन अण्णा फुंकत होते. धूर डोळ्यांत जात होता, पण त्यांनी जागा बदलली नाही.