खाली जोडलेली ओळ

सुलेखा मूळची कन्नड तालुक्यातली. बजाजनगरजवळच्या एका पंपाच्या कंपनीत शेतकऱ्यांचे फोन एआय घेतो. त्याला दिलेल्या सूचना सांभाळणं हे तिचं काम. सूचना पोथीएवढ्या लांब. यंत्र त्या एकदा वाचून कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या आठवणीत, धरून ठेवायचं, म्हणून उत्तर चटकन यायचं. पण वरचा एक शब्द जरी बदलला, तरी तिथून पुढचं सगळं नव्यानं वाचावं लागे आणि उत्तरं रखडत. म्हणून ऑफिसात ठरलेलं होतं: वरच्याला हात लावायचा नाही, नवं काय ते खाली जोडायचं.

यंत्रानं गावाकडचं बोलावं म्हणून वर नमुन्याचे संवाद घातले होते. ते कंपनीचे जुने मेकॅनिक कडुबा यांचे. त्यातला एक त्यांच्या बायकोशी, मनकर्णाबाईंशी झालेला. उन्हाळ्यात कडुबा अचानक वारले. सुलेखानं रिवाजाप्रमाणे खाली ओळ जोडली: ‘कडुबा आता हयात नाहीत. त्यांच्या नावानं बोलू नये.’

पोळ्याच्या सुमारास गंगापूरकडून मनकर्णाबाईंचा फोन आला. त्याचं रेकॉर्डिंग सुलेखानं दुसऱ्या दिवशी ऐकलं.

“मी मनकर्णा बोलते. मोटार पाणी उचलंना.”

“मनकर्णा, आधी सावलीत बस. जेवलीस का?”

आवाज यंत्राचाच होता, शब्द कडुबांचे.

“कोण बोलतंय?”

“कडुबा आता हयात नाहीत,” त्याच मायेनं उत्तर आलं. “तू स्टार्टरला हात लावू नको. मी सांगतो.”

मनकर्णाबाईंनी फोन कट केला.

सुलेखानं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ‘हयात नाहीत’ ही ओळ तिचीच होती. वरचा जिता कडुबा आणि खालचं त्याचं मरण, यंत्रानं दोन्ही खरं धरलं होतं. तिनं कुणाला न विचारता वरचा तो संवादच काढून टाकला. नव्या सूचना कॅशमध्ये बसेपर्यंत उत्तरं रखडली, साहेब चिडले.

रविवारी जीपनं ती गंगापूरला गेली. मनकर्णाबाईंनी चहा केला.

“मशीन हाय ते, मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “काल परत लावला फोन. परकंच कोणीतरी बोललं.”

“मावशी, ते बोलणं मी काढून टाकलं.”

“बरं केलंस.” त्यांनी कप खाली ठेवला. “काढताना त्याला कळलं आसंल का?”

“मशीनला?”

मनकर्णाबाईंनी भिंतीवरच्या कडुबांच्या फोटोकडे पाहिलं. मग कप उचलून त्या आत गेल्या.