आखूड लोड

लिही गं. माझ्या धाकट्या दिराचं सांगते, म्हणजे तुझ्या धाकट्या आजोबांचं. त्यांना सगळी गल्ली 'झालंच' म्हणते. काहीही विचारा, भावजींचं उत्तर एकच. जेवायला चला, झालंच. आंघोळीचं पाणी निवतंय, झालंच. अगं, लग्नाच्या दिवशी नवरदेव आतून ओरडत होता, "झालंच!" आणि अशा माणसाचा धंदा काय, तर जुनी गेमची मशीनं भरभर चालतील अशी करून द्यायची!

दुकान एकच. अर्ध्यात माझी धाकटी जाऊ गाद्या, उशा, लोड शिवते. उरलेल्या अर्ध्यात भावजींचं टेबल. टेबल कसलं, वायरींचं घरटं ते. जावेनं मोठं शिलाईमशीन मागवलेलं आणि ठेवायला जागा नाही. तिचा डोळा टेबलावर.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, काखेत जुनं गेमचं मशीन. पोरांनी घाबरू नये म्हणून दवाखान्यात बाहेर ठेवलेलं. पण आतली डिस्क नुसती घरघर फिरायची, खेळ काही यायचा नाही, आणि आला की नेमका पोराचा आत जायचा नंबर लागायचा. मग दात राहिला बाजूला, पोर खेळासाठी भोकाड पसरायचं.

"पटकन सुरू होईल असं करा काहीतरी," बाई म्हणाल्या.

"झालंच!" भावजी म्हणाले.

बाई गेल्यावर जाऊ म्हणाली, "अहो, माझं मशीन यायच्या आत हे झालं तर टेबल तुमचं. नाही झालं तर टेबल भंगारात, आणि तुम्ही घरी भाजी निवडा."

भावजींचं तोंड एवढंसं झालं. टेबल गेलं तर तो माणूस करणार काय? घरात बसवला की चालता पंखा उघडतो.

लागले कामाला. आधी डिस्क फिरवणारी मोटर बदलून जोराची बसवली. झाकण लावायचं राहिलं. बटण दाबलं, तर डिस्क सुटली ती थेट जावेच्या कापसात!

"जरा जास्तच फास्ट झाली," भावजी म्हणाले.

"तिला तरी घाई आहे," जाऊ म्हणाली.

मग म्हणे डिस्कचा भागच काढायचा आणि तिथं एक सर्किटची पाटी बसवून नखाएवढं कार्ड घालायचं. सगळा खेळ त्या कार्डात. फिरणं नाही, घरघर नाही. मला काय कळतंय, पण वायरींना डाग देताना दोन बोटं भाजलेली मी पाहिली.

डाग द्यायची तार संपली म्हणून भावजी बाहेर गेले आणि नेमका फोन वाजला. जावेनं उचलून स्पीकरवर ठेवला. मी तिथंच कापूस निवडत होते, सगळं ऐकलं. खेळ मशीनमध्ये चढतो ना, त्यालाही हे लोक लोडच म्हणतात. आमच्या जावेला काय माहीत? तिचा लोड म्हणजे पाठीशी घ्यायचा.

"लोडचं काय झालं हो?" पलीकडून बाई.

"भरायचाच बाकी आहे."

"फार लांबतो हो. पोरं कंटाळतात."

"लांब नको का? मग आखूड करते की!"

"कराल? आणि आवाज?"

"लोडाचा कसला आवाज? कापूस चांगला पिंजून घेतलाय."

"कापूस?" मग बाई हळूच म्हणाल्या, "आवाजासाठी घालत असाल. तुम्हाला जास्त कळतं."

जावेनं लगेच कापड बेतलं.

शेवटी शिलाईमशीनचा टेम्पो दारात उभा, हमाल दोर सोडतायत, आणि भावजी शेवटचा स्क्रू पिळतायत. "अहो, टेबल रिकामं करा!" जाऊ ओरडली. "झालंच!" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं, आणि खरंच झालं! डोळ्याची पापणी लवायच्या आत पडद्यावर गाडी धावायला लागली. डॉक्टरीणबाई तेवढ्यात पोचल्याच होत्या. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. मग मशीनला कान लावून म्हणाल्या, "वा, कापसानं आवाज अगदी बंद!"

"कसला कापूस?" भावजींनी विचारलं.

जावेनं वीतभर लोड पुढं केला. "हा तुमचा आखूड लोड, बाई. मागं टेकायला नाही पुरणार, आधीच सांगते."

बाई हसून हसून खाली बसल्या. डोळे पुसत लोड हातात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, हा तर पोरांच्या मानेखाली बरोबर बसेल! आमच्या खुर्चीत त्यांची डोकी घसरतात. आणखी शिवून द्या."

जाऊ शब्दाची पक्की. टेबलाला हात लावला नाही. पण हमाल घामाघूम होऊन विचारतायत, "वहिनी, हे उतरवायचं कुठं?" तशी ती वळून माझ्याकडं बघायला लागली. गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्या खोलीत तुम्ही एकट्याच असता ना?"

तेव्हापासून हे धूड माझ्या खाटेला खेटून. जा, तिला म्हणावं मशीनवरचा पाय घटकाभर आवर. मी काय सांगतेय ते मलाच ऐकू येईना.